सुरक्षित काडी हाताशी असूनही: ब्रायंट अँड मे, लंडन, १८८८

१८५५ साली ब्रायंट अँड मे या इंग्रज कंपनीने स्वीडनच्या लुंडस्ट्रोम बंधूंकडून सुरक्षित काडेपेटीचं ब्रिटनपुरतं पेटंट विकत घेतलं. १८९८ साली याच कंपनीला न्यायालयात दंड झाला. पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबडा कुजलेल्या १७ कामगारांची माहिती तिने सरकारला कळवलीच नव्हती आणि त्यातले सहा जण तोवर मरण पावले होते. या दोन घटनांमध्ये ४३ वर्षांचं अंतर आहे. विषाला पर्याय काय, हे कंपनीला या सगळ्या काळात माहीत होतं, आणि त्याचा हक्कही तिने सुरुवातीलाच घेतला होता. तरी विषारी काडी बनत राहिली. ती का बनत राहिली आणि अखेर कशामुळे थांबली, याचा हा अभ्यास.

एकोणिसाव्या शतकातल्या विषमतेचा विषय निघाला की ठरलेली गोष्ट सांगितली जाते: यंत्र आलं, हाताचं काम गेलं, मालक श्रीमंत झाला, विणकर देशोधडीला लागला. ती गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात शोध एखाद्या पुरासारखा येतो, त्याला कोणी अडवू शकत नाही. पूर्व लंडनमधल्या बो भागात जे घडलं ते तसं नव्हतं. तिथे एकाच वस्तूचे दोन शोध शेजारी शेजारी उभे होते. एक स्वस्त आणि घातक, दुसरा थोडा महाग आणि निर्धोक. कुठला किती वापरायचा हे ठरवणारी माणसं एका खोलीत बसत होती आणि त्या निर्णयाची किंमत मोजणाऱ्या मुली दुसऱ्या खोलीत उभ्या होत्या.

एका काडीच्या दोन वाटा

घासून पेटणारी काडी पहिल्यांदा विकली ती इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीझच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने, १८२७ साली. त्याने पेटंट घेतलं नाही. तोवर विस्तव करायचा म्हणजे चकमक, गारगोटी आणि कापूस, किंवा शेजारच्या घरातून निखारा मागून आणणं. खिशात मावणारी आग ही त्या काळी किती मोठी सोय असेल याची कल्पना आज करणं कठीण आहे. वॉकरच्या काडीत फॉस्फरस नव्हता. ती नीट पेटायची नाही, पेटली तर ठिणग्या उडायच्या. १८३० च्या सुमारास फ्रान्समधल्या शार्ल सोरिया या तरुणाने तिच्यात पांढरा फॉस्फरस घातला आणि काडी एकदम वश झाली. भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कुठेही ओढा, पेटते. सोरियाकडे पेटंटसाठी पैसे नव्हते, त्यामुळे ही कृती सगळ्या युरोपची झाली.

पांढऱ्या फॉस्फरसची वाफ कारखान्याच्या हवेत साठते हे लवकरच दिसू लागलं. १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या लोरिन्झर या डॉक्टरने काडेपेटीच्या कामगारांमधला जबड्याचा रोग नोंदवून प्रसिद्ध केला. त्याच व्हिएन्नात, त्याच दशकात, श्रॉटर या रसायनशास्त्रज्ञाने लाल फॉस्फरस ओळखला: मूलद्रव्य तेच, पण ते वाफाळत नाही आणि विषारीही नाही. इकडे स्वीडनमध्ये गुस्ताफ एरिक पाश याने १८४४ मध्ये फॉस्फरस काडीच्या गुलातून काढून पेटीच्या कडेवर लावायची युक्ती शोधली होती. यॉनशॉपिंगच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी या सगळ्याची सांगड घातली आणि सुरक्षित काडेपेटी बाजारात आणली. (यॉनशॉपिंगचा हा धंदा पुढे स्वीडिश मॅच या कंपनीत गेला आणि त्याच कंपनीने १९२३ मध्ये आपल्याकडे विमको काढली. अंबरनाथकरांना विमको नाका सांगायला नको.)

म्हणजे रोगाचं निदान आणि उपाय एकाच दहा-बारा वर्षांत समोर आले होते. विल्यम ब्रायंट आणि फ्रान्सिस मे हे दोघे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, सचोटीचे व्यापारी म्हणून ओळखले जाणारे. सुरुवातीला ते स्वीडनहून काड्या मागवत. १८६१ मध्ये त्यांनी बो इथे फेअरफिल्ड वर्क्स हा स्वतःचा कारखाना सुरू केला आणि तिथे दोन्ही प्रकारच्या काड्या बनवायला घेतल्या. सुरक्षित काडी महाग पडे, शिवाय ती तिच्या पेटीवरच पेटे. कुठेही पेटणारी काडी स्वस्त होती आणि खप तिचाच होता. ती घेणाऱ्यांत गरीब घरंही होती, हे विसरून चालणार नाही. पैशा-पैशाचा हिशेब करणाऱ्या बाईला दुकानात दोन पेट्यांतली स्वस्त पेटी उचलल्याबद्दल दोष देता येत नाही. तिला कारखान्यातला वास येत नव्हता. मालकांना मात्र येत होता.

कामाची खोली

लाकडाच्या काटक्या दोन काड्यांच्या लांबीच्या असत. त्या चौकटीत ओळीने बसवायच्या, दोन्ही टोकं फॉस्फरसच्या लगद्यात बुडवायची, वाळवायच्या, मग मधोमध कापून डब्यांत भरायच्या. बुडवण्याचं काम बहुतेक पुरुषांकडे असे. कापणं, भरणं, बांधणं मुली आणि बायका करत. कापताना घर्षणाने काड्या पेटत, बोटं भाजत. अशा जळक्या काड्या बाकावर राहिल्या तर एक शिलिंग दंड (तेव्हा १२ पेनींचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड).

न्याहारीची भाकरी त्याच बाकावर, त्याच हातांनी. रोग कसा पोटात आणि दातात जातो हे समजायला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. पहिल्यांदा दाढ दुखते. दात काढला तरी जखम भरत नाही. गाल सुजतो, हिरडीतून पू येऊ लागतो, तोंडाला इतकी दुर्गंधी येते की घरातलं माणूसही जवळ बसू शकत नाही. मग जबड्याचं हाड मरतं, त्याचे तुकडे पडतात. शस्त्रक्रिया करून जबडा काढला तर जीव वाचण्याची शक्यता असे, पण चेहरा कायमचा जाई. कामगारवस्तीत या रोगाला फॉसी जॉ म्हणत, म्हणजे फॉस्फरसचा जबडा. दाढ दुखते असं सांगणाऱ्या मुलीला दात काढून ये, नाहीतर काम सोड, असं सांगितलं जाई. त्यामुळे मुली दुखणं लपवत. कंपनीच्या कागदांवर रोग कमी दिसण्याचं हेही एक कारण असणार.

कारखान्याबाहेर आणखी एक फौज होती: घरी बसून रिकाम्या डब्या चिकटवणाऱ्या बायका आणि त्यांची लहान मुलं. एका ग्रोसला, म्हणजे १४४ डब्यांना, सुमारे सव्वादोन पेनी मिळत, आणि त्यातूनच खळ आणि दोरा स्वतःचा आणायचा.

पैशाचा हिशेब

कंपनी १८८४ मध्ये भागभांडवली झाली. २३ जून १८८८ रोजी अ‍ॅनी बेझंट यांनी आपल्या 'द लिंक' या साप्ताहिकात बोच्या मुलींवर लेख लिहिला. मथळा होता 'लंडनमधली गोरी गुलामगिरी'. त्यातले आकडे आज वाचतानाही अंगावर येतात. आदल्या वर्षी कंपनीने भागधारकांना २३ टक्के लाभांश दिला होता, त्याआधी २५ टक्के, आणि सर्वांत जास्त म्हणजे ३८ टक्के. मूळ ५ पौंडांचा शेअर १८ पौंडांच्या वर गेला होता. भागधारकांत पाद्री मंडळीही होती. बेझंट यांना याची विशेष चीड होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

त्याच लेखात १६ वर्षांची एक मुलगी आहे. नगावर काम करते, आठवड्याला ४ शिलिंग मिळवते. बहिणीबरोबर एका खोलीत राहते, खोलीचं भाडं आठवड्याला २ शिलिंग. खाणं म्हणजे चहा आणि लोणी लावलेला पाव, सकाळीही तेच आणि दुपारीही तेच. महिन्यातून एकदा एके ठिकाणी कॉफी, पाव-लोणी आणि भरपूर मुरंबा मिळतो, हे तिने चमकत्या डोळ्यांनी सांगितलं, असं बेझंट लिहितात.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघू. ५ पौंडांच्या एका शेअरवर २३ टक्के म्हणजे वर्षाला २३ शिलिंग. ४ शिलिंगवाल्या मुलीची ही जवळजवळ सहा आठवड्यांची मजुरी. हजार शेअर नव्हे, एक शेअर. तो कपाटात पडून राहिला तरी सहा आठवडे राबून मिळणारा पैसा घरी येत होता.

आणि तिची मजुरी पूर्ण हातात पडत नव्हती. ४ शिलिंग म्हणजे ४८ पेनी, सहा दिवसांत वाटले तर दिवसाला ८ पेनी. बोललं की ३ पेनी दंड. पाय मळके असले, बाकाखाली कचरा राहिला, तरी ३ पेनी. उन्हाळ्यात काम सकाळी साडेसहाला सुरू होई, संध्याकाळी सहाला सुटे, तोवर उभं राहायचं. उशीर झाला तर अर्धा दिवस बाहेर, आणि ८ पेनीतले ५ कापले जात. एका मुलीने बोट कापलं जाईल म्हणून हात मागे घेतला, त्यात यंत्राला पट्टा गुंडाळला गेला. तिला एक शिलिंग दंड झाला आणि बजावण्यात आलं की यंत्र सांभाळ, बोटांचं राहू दे. दुसरीने यंत्र सांभाळलं आणि बोट गमावलं. काम करता येत नव्हतं तेव्हा तिला कसलीच मदत मिळाली नाही.

एक पुतळाही या हिशेबात येतो. उदारमतवादी नेते ग्लॅडस्टन यांचा पुतळा बोच्या चर्चसमोर १८८२ मध्ये उभा राहिला, देणगी थिओडोर ब्रायंट यांची. बेझंट यांच्या लेखानुसार त्यासाठी प्रत्येक कामगार मुलीचा एक शिलिंग कापला गेला, शिवाय अनावरणाच्या दिवशी कारखाना बंद ठेवून अर्ध्या दिवसाची मजुरीही बुडवली. मुली खिशात दगड-विटा घालून समारंभाला गेल्या होत्या, असंही त्यांनी लिहिलं आहे. पुतळा अजून तिथेच आहे आणि आजही अधूनमधून कोणीतरी त्याचे हात लाल रंगाने रंगवतं. मला यात सर्वांत जास्त खुपतं ते कापलेल्या शिलिंगापेक्षा दानाचं श्रेय. पैसा मुलींचा आणि दातृत्व मालकाचं.

जुलै १८८८

लेख आल्यावर कंपनीने कामगारांकडून लिहून घ्यायचा प्रयत्न केला की हे सगळं खोटं आहे. मुलींनी सही केली नाही. त्यातच एका मुलीला कामावरून काढलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका खात्यातल्या बायका उठून बाहेर पडल्या, मागोमाग दुसरं खातं, आणि पाहता पाहता सुमारे १४०० जणी रस्त्यावर आल्या. कारखाना बंद पडला.

इथे एक जुना समज दुरुस्त करायला हवा. बरीच वर्षं हा संप 'अ‍ॅनी बेझंट यांचा संप' म्हणून सांगितला गेला. आपल्याकडे त्या होमरूल चळवळीमुळे आणि १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षपदामुळे ठाऊक असल्याने तो समज आणखी सहज पटतो. प्रत्यक्षात बेझंट ग्राहकांना या काड्यांवर बहिष्कार घालायला सांगत होत्या, त्यांनी संप पुकारला नव्हता. इतक्या कमी मजुरीच्या, हाताशी शिल्लक नसलेल्या बायका संपात टिकतील का, याची त्यांना काळजी होती. संप मुलींनी केला आणि मग त्या बेझंट यांच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या कार्यालयात जाऊन धडकल्या. पुढची मदत मात्र मोठी होती: निधी गोळा करणं, वर्तमानपत्रांत बाजू मांडणं, संसदेतल्या ओळखी वापरणं. संपसमितीत सारा चॅपमनसारख्या कारखान्यातल्याच तरुण कामगार होत्या. पुढे त्याच चॅपमन कामगार संघटनांच्या ट्रेड्स युनियन काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेल्या. ज्यांना 'काडेपेटीच्या पोरी' म्हटलं जाई, त्यांच्यात संघटनेची जाण आधीपासून होती. त्यांतल्या कित्येक आयरिश वंशाच्या, गोदी कामगारांच्या घरातल्या. एकमेकींच्या गल्लीत राहणाऱ्या, एकमेकींची लग्नं-मयतं सांभाळणाऱ्या.

मुलींचं शिष्टमंडळ संसदेत खासदारांना भेटलं. पूर्व लंडनमधल्या टॉयन्बी हॉल या समाजसेवी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्वतः चौकशी केली आणि मुलींचं म्हणणं खरं असल्याचं जाहीर केलं. लंडन ट्रेड्स कौन्सिल या कामगार संघटनांच्या मंडळाने मध्यस्थी केली. १७ जुलैपर्यंत तडजोड झाली: सगळे दंड रद्द, मजुरीतली कापाकापी बंद, तक्रार फोरमनला वगळून थेट संचालकाकडे नेता येईल, संपातल्या सगळ्यांना परत कामावर घेणार, आणि जेवायला वेगळी खोली. युनियन स्थापन झाली, बेझंट तिच्या पहिल्या सचिव झाल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा त्याच वस्तीतल्या पुरुषांपुढे बायकांचा हा विजय ताजा होता.

नेमक्या याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून आठवड्याची सुट्टी मागत होते. ती मिळाली १८९० मध्ये. दोन्हीकडे हातात आलं ते कामाचे तास, सुट्टी, दंड अशा गोष्टींत. यंत्र कोणतं, रसायन कोणतं, हे बोलणीच्या टेबलावर आलंच नाही.

जे संपानेही हललं नाही

या प्रकरणाचा खरा गाभा माझ्या मते इथे आहे. तडजोडीत पांढरा फॉस्फरस बंद करण्याचं कलम नाही. मुलींना जेवायची वेगळी खोली मिळाली. तिचं मोल कमी नाही, त्यामुळे विष भाकरीवाटे पोटात जाणं कमी झालं असणार. पण कामाच्या खोलीतली हवा तीच राहिली. दंडाची वही कामगारांना दिसत होती, ती फाडता आली. कुठली काडी किती बनवायची हा निर्णय मात्र मालकाच्या मालकीहक्काचा भाग मानला जात होता आणि त्याला हात लावायचा अधिकार मुलींना आहे असं कोणाच्या मनातही नव्हतं, बहुधा त्यांच्या स्वतःच्याही नाही.

बाजाराने हे सोडवावं म्हणून एक प्रयत्न झाला. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने १८९१ मध्ये बोजवळच ओल्ड फोर्ड इथे स्वतःचा काडेपेटीचा कारखाना काढला. लाल फॉस्फरस वापरला, ग्रोसला सव्वादोनऐवजी ४ पेनी दिले, चांगली हवेशीर जागा दिली. त्यांच्या काड्या महाग पडल्या. सहानुभूती असलेल्यांनी घेतल्या, पण तेवढ्यावर कारखाना चालत नाही. दहा-एक वर्षांत तो बंद पडला. प्रामाणिक मालकही एकटा पडला तर तोट्यात जातो, हे या प्रयोगाने दाखवलं. ब्रायंट अँड मे यांनाही हे सांगता येत होतं की आम्ही थांबलो तर स्वस्त काडी दुसरा कोणी विकेल. या युक्तिवादात तथ्य होतं. पण २३ टक्के लाभांश वाटणाऱ्या कंपनीच्या तोंडी तो शोभत नाही. सुरक्षित काडीचा जादा खर्च सोसायला जागा होती, ती जागा भागधारकांकडे गेली.

इथे १८७१ चं उदाहरण लक्षात घेण्यासारखं आहे. त्या वर्षी अर्थमंत्री रॉबर्ट लो यांनी काडेपेटीवर अर्ध्या पेनीचा कर प्रस्तावित केला. काडेपेटी कामगारांचा मोर्चा संसदेकडे निघाला, आणि कर मागे घेतला गेला. तेव्हा मालक आणि कामगार एका बाजूला होते. धंद्यावर आलेलं संकट असं झटपट दूर झालं. जबड्यावर आलेल्या संकटाला त्यानंतर ३७ वर्षं लागली.

१८९५ च्या कायद्याने फॉस्फरसचा रोग सरकारला कळवणं सक्तीचं झालं. कंपनीने कळवलं नाही, म्हणून १८९८ चा खटला उभा राहिला. १७ रुग्ण, ६ मृत्यू, आणि दंड खर्चासकट सुमारे २५ पौंड. कारखान्यात बोलणाऱ्या मुलीला दिवसाच्या मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दंड होत असे. कंपनीला झालेला हा दंड तिच्या पाच-सहा शेअरच्या मूळ किमतीइतका होता. बदनामी मात्र मोठी झाली.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेव्हेन आणि काएं या दोघांनी फॉस्फरसचं एक गंधकयुक्त संयुग काडीत वापरून दाखवलं. त्याची काडी कुठेही पेटते, विषारी नसते आणि बनवायला फारशी महागही पडत नाही. ब्रायंट अँड मे यांनी १९०० मध्ये त्याचे ब्रिटनचे हक्क घेतले आणि १९०१ मध्ये पांढरा फॉस्फरस वापरणं थांबवलं. म्हणजे १८५५ च्या शोधाने जे साधलं नाही ते १८९८ च्या शोधाने साधलं. दुसरा शोध पहिल्यापेक्षा जास्त सुरक्षित होता म्हणून नव्हे. त्यासाठी मालकाला फार काही सोडावं लागलं नाही, म्हणून. तोवर ज्यांचे जबडे गेले त्यांच्यासाठी पुरेसा चांगला शोध ४० वर्षं आधीच झाला होता.

बाकीच्यांना थांबवायला कायदाच लागला. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घातली होती, म्हणजे छोट्या देशांना ते बोच्या संपाआधीच जमलं होतं. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणाऱ्या १९०६ च्या बर्न करारावर ब्रिटनने लगेच सही केली नाही. कायदा केला १९०८ मध्ये, अंमल १९१० पासून. अमेरिकेत डायमंड मॅच कंपनीने १९११ मध्ये नव्या संयुगाच्या पेटंटवरचा हक्क सोडला आणि १९१२ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर परवडणार नाही इतका कर बसला. भारतात १९१३ साली पाचवा कायदा म्हणून बंदी आली. तेव्हा आपल्याकडच्या काड्या मुख्यतः स्वीडन आणि जपानहून येत असत, त्यामुळे बनवण्याइतकीच आयातीवरची बंदीही महत्त्वाची होती, आणि ती याच कायद्यात होती.